मागच्या कोपऱ्यातलं वजन

८ नोव्हेंबर

खटपट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र कचऱ्यात टाकायच्या आधी एवढं वाच: यात भांडण नाही. बोटीची अडचण आहे. बोटीची अडचण म्हटल्यावर तू वाचशीलच. लहानपणी तापाने फणफणलेला असलास तरी पंखा बंद पडलाय म्हटलं की अंथरुणातून उठायचास.

फोन तू उचलत नाहीस. दोन वर्षं झाली. असू दे. पत्र वाजत नाही, म्हणून पत्र.

अडचण अशी की आपली लाट बिघडली आहे. तलावाच्या पलीकडच्या काठावर एक नवी बोट आली आहे, सगळं कारखान्यातूनच बसवून आलेली. बटण दाबलं की लाट डावीकडे, दुसरं दाबलं की उजवीकडे. आपल्याकडे येणारी गिऱ्हाईकं येतानाच मान वाकडी करून तिकडे बघत येतात. वेकसर्फिंगला, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर उभं राहायला, आलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? बोटीच्या मागे दोरी सोडून देता येईल आणि तरी उभं राहता येईल, अशी लाट. आपली हल्ली उंच उठते आणि लगेच वरून फुटते. बबडी म्हणते, "आई, ही लाट नाही, कपडे भिजवलेली बादली आहे." मामा असता तर एका दुपारी बसवली असती, असंही तुझी भाची म्हणते, पण ते आप्पांच्या पाठीमागे.

मांडणी सांगते. लाट वळवायला बोटीच्या मागे तू बसवलेली उजवीकडची फळी आहे तशीच आहे. हो, आहे. आप्पांनी उपटली नाही. दोन वर्षं तिच्याकडे न बघता सगळं घर तिच्यावर जेवतंय. तुझ्या पाण्याच्या पिशव्या मात्र शेडमध्ये घडी घालून पडल्यात. त्या भरून ठेवू म्हटलं की आप्पा म्हणतात, "वजनाला पाणी कशाला? मी काय मेलोय?" आणि डावीकडे, अगदी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. लाट डावीकडे, म्हणून वजन डावीकडे. आप्पांचा देह तुला माहीत आहे, बोट लगेच कलते. गिऱ्हाईकं हसतात, ते त्यांना आवडतं. सुकाणू तुझ्या दाजींच्या हातात दिल्यापासून बोटीवर त्यांना स्वतःची अशी जागा हवी होती, ती मिळाली.

वाऱ्याने त्यांना खोकला झाला होता म्हणून यंदा मी पडदा शिवला. समोरच्या काचेपासून छतापर्यंत, आणि दोन्ही बाजूंनी. मागची बाजू उघडी, नाहीतर लाट कशी दिसणार? बोटींची आवरणं आणि गाद्या शिवून माझी बोटं झिजली, पण इतकं चांगलं काम आजवर हातून झालं नव्हतं. जाड कापड, दुहेरी शिवण, एक टाका वाकडा नाही. आत बसलं की घरात बसल्यासारखं वाटतं. आप्पा तर तिथे मस्त डुलकी काढतात.

तर लाटेचं काय करायचं ते कळव. मायना घातला नाहीस तरी चालेल.

आप्पा बरे आहेत.

तुझी ताई

२१ नोव्हेंबर

खटपट्या,

मायना नको म्हटलं तर खरंच घातला नाहीस. "वजन थोडं पुढे. फळीचा कोन कमी. वेग किंचित जास्त." हे पत्र झालं? खोकल्याच्या बाटलीवर यापेक्षा जास्त मजकूर असतो.

पण लाट सुधारली. तुझ्या दोन पिशव्या अर्ध्या भरून नाकाकडे ठेवल्या, वर टॉवेल टाकले, आणि आप्पांना सांगितलं की गिऱ्हाइकांचं सामान आहे. फळी दोन भोकं मागे घेतली. लाट लांबली, तिचा वरचा फेस गेला, काचेसारखी गुळगुळीत झाली. बबडीने दोरी सोडली आणि किती तरी वेळ नुसतीच उभी होती, दोन्ही हात मोकळे, तोंडभर हसत. तुझे दाजी मान मागे वळवून तिच्याकडेच बघत राहिले. मी ओरडले नसते तर धक्क्यावर चढलो असतो.

आप्पांनी ही लाट पाहिलीच नाही. ते झोपले होते.

आता खरं लिहिते. आप्पा बरे नाहीत. आधी डोकं दुखायचं, आम्ही म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग चिडचिड. मग मळमळ, जेवण नको. आणि आता विसरतात. परवा धक्क्याला बोट बांधायला दोरी हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. ज्या माणसाने आपल्याला पाळण्यात असल्यापासून गाठी मारायला शिकवल्या, तो दोरीकडे असा बघत होता की ही वस्तू आहे तरी काय. मी हातातून घेतली आणि बांधली. म्हणाले, "बरं झालं तू आलीस," आणि मला आईच्या नावाने हाक मारली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, वय झालं, मेंदूचं आहे, हळूहळू वाढत जाणार. काही दिवस चांगले जातील, काही वाईट.

पण हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. आप्पा रोज जेवायला बसले की दाराकडे बघतात आणि म्हणतात, "खटपट्याला हाक मारा, जेवण गार होतंय." रोज. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा बबडीच्या हातातून चमचा पडला. त्यांना भांडण आठवतच नाही. ते लग्नाला गेले होते तेव्हा तू त्यांच्या बोटीची मागची बाजू करवतीने कापून फळी बसवलीस, ते आठवत नाही. परत आल्यावर कापलेल्या कडेवरून हात फिरवून ते जे बोलले, "ज्याला विचारायची गरज वाटत नाही त्याला या घरात राहायचीही गरज नाही," ते आठवत नाही. तुझी बॅग आठवत नाही. त्यांच्या डोक्यात तू शेडमध्ये कुठेतरी आहेस आणि हात धुवून येणार आहेस.

मी एरवी दोघांनाही नाक घासायला लावलं असतं. पण आता कुणालाच काही घासायला नको. नुसता ये आणि ताटावर बस. विसरलेत तोवर ये.

ताई

३ डिसेंबर

तुझं कार्ड आलं. मी लिहिलं काय आणि तू विचारतोस काय.

"आप्पा नेमके कुठे बसतात? पडदा पूर्ण लावलेला असतो का? धुराचा वास येतो का?"

बाप हातातून चाललाय, आणि याला पडद्याची पडलीय. अरे, माणूस आहेस की पाना? मी रडत रडत लिहिलेल्या पत्रातून तू बोट तेवढी उचललीस आणि आप्पांना ठेवून दिलंस.

घे उत्तरं. कोपऱ्यात बसतात, आधी लिहिलंय. पडदा पूर्ण लावते, म्हणून तर शिवला. फक्त तुझे दाजी आपल्या बाजूची चेन खाली ओढून ठेवतात, त्यांना कोंडल्यासारखं होतं, त्यावरून आमचं रोज वाजतं. आणि धुराचा वास येत नाही. धूर पाण्यातून बाहेर सोडणारी नळी तूच बसवलीस ना? मग मला काय विचारतोस?

हे पत्र आज टाकणार नाही. राग उतरला की टाकीन. उतरला तर.

मध्ये एक आठवडा मला वाटलं होतं की देवाने ऐकलं. बोटीचा पाण्याचा पंप गेला, सुटा भाग यायला वेळ लागला, बोट शेडमध्येच उभी होती. आणि त्या आठवड्यात आप्पा काय छान होते म्हणून सांगू. मागच्या दाराची कडी बसवली. पत्त्यांत तुझ्या दाजींना असं हरवलं की बिचारे उठून अंगणात जाऊन उभे राहिले. जेवताना तुला हाक मारली नाही. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. पंप आला, बोट पाण्यात गेली, आणि दोनच दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. काल स्वतःचा बूट हातात धरून बसले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, चांगले दिवस येतील आणि जातील.

काल माझ्या शिवणाच्या दुकानात फोन वाजला. तुझा नंबर अजून पाठ आहे. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा नाही उचलला. दोन वर्षं मी केलेले फोन तू वाजू दिलेस ना, आता तूही ऐक कसा वाजतो तो. बबडीलाही ताकीद दिली आहे. हे म्हणाले, "अगं, उचल, काहीतरी महत्त्वाचं असेल." मी म्हटलं, तुम्ही आम्हा बहीणभावांच्या मध्ये पडू नका. बाकी सगळे नंबर तूच रागाने पुसलेस, आता बस दुकानाचा एकच फिरवत.

ताई

११ डिसेंबर

हेही टाकणार नाही बहुतेक. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आप्पांना सोमवारी वृद्धाश्रमात नेऊन ठेवायचं ठरलं. लिहिलं बघ.

मी काय करू? मंगळवारी ते घरातून निघून गेले. तलावाच्या काठाने चालत चालत बोटींच्या इंधनाच्या टाकीपाशी जाऊन बसले. सापडले तेव्हा पाय सुजलेले, आणि मला म्हणाले, "बाई, इथून घरी कसं जायचं सांगाल का?" मला म्हणाले, बाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यापुढे चोवीस तास माणूस हवं. मी दुकान बघू, बोट बघू की त्यांच्या मागे धावू? तू असतास तर दोघांनी वाटून घेतलं असतं. हे मी तुला ऐकवण्यासाठीच लिहितेय, लागलं तर लागू दे.

जागा वाईट नाही. स्वच्छ आहे. खोलीत दोन पलंग, पलंगाला कठडा, खिडकीसमोर भिंत. तिथल्या बाई फार गोड बोलतात. त्यांनी आप्पांना सगळं फिरवून दाखवलं. आप्पांनी शहाण्या मुलासारखं सगळं बघितलं आणि मग मला हळूच विचारलं, "आणि बोट कुठे बांधायची?"

कपड्यांवर खूण हवी म्हणाल्या, धुताना अदलाबदल होते. मी रोज त्यांच्या बनियनच्या मानेला लाल दोऱ्याने छोटी बोट काढतेय. सहा झाल्या की डोळे भरतात, मग बबडी हातातून सुई काढून घेते. तिचंही डोकं दुखतं म्हणते आजकाल, लाटेवरून आली की. घरात सगळ्यांचीच डोकी ठिकाणावर नाहीत.

फोन रोज वाजतो. आता मला उचलायची भीती वाटते. उचलला तर तू विचारशील, ताई, तू आप्पांना टाकतेयस का?

ताई

१४ डिसेंबर, रविवार सकाळ

दोन ओळी लिहिते. सगळे खाली थांबलेत.

उद्या न्यायचं, म्हणून आज शेवटची फेरी. गिऱ्हाईक कुणी नाही, आपण घरचेच. आप्पांना उद्याचं काही माहीत नाही, पण सकाळपासून टोपी घालून बसलेत. म्हणाले, "माझ्याशिवाय लाट उठत नाही, चला." बबडी लाटेवर उभी राहणार आहे, त्यांना दिसावी म्हणून आज त्यांना झोपू द्यायचं नाही असं ठरवलंय. मी त्यांच्या शेजारी कोपऱ्यात बसणार. हात धरून. आजवर मी कधी मागे बसलेच नाही, कायम समोर दोऱ्या सांभाळत उभी.

थंडी आहे. पडदा नीट लावून घेते.

१६ डिसेंबर, दवाखान्यातून

खटपट्या,

आप्पा जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

आम्ही निघालो. मी आप्पांना चिकटून बसले, त्यांचा हात माझ्या मांडीवर. बबडी पाण्यातून उभी राहिली, लाटेवर आली, दोरी आत टाकली. किती सुंदर लाट होती रे. तू बघायला हवी होतीस. आप्पा म्हणाले, "छान चालली आहे पोर." मी हसले आणि रडले, आणि डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं रडण्याने ठणकतंय. तुझ्या दाजींनी तलावाला एक वळसा घातला, मग दुसरा. आप्पांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी मनात म्हटलं, झोपले, झोपू दे. उठवायचं ठरलं होतं, पण मलाच उठवावंसं वाटेना. अंगातून कुणीतरी हाडं काढून नेल्यासारखं झालं. बबडी हात हलवत होती, मला हात हलवायचा होता आणि तो उचलवतच नव्हता. त्यातही काही वावगं वाटलं नाही, हे सगळ्यात भयंकर. छान ऊब होती.

माझी नजर पडद्याच्या मागच्या कडेवर होती. तिथे बांधायच्या नाड्या मी मोकळ्या सोडल्यात. बोट पुढे जातेय म्हणजे नाड्या मागे उडायला हव्यात, पाण्याकडे. त्या आत उडत होत्या. आमच्याकडे. सगळ्या नाड्या सरळ आमच्या तोंडाकडे रोखलेल्या. माझा जन्म कापडात गेला, कापड कुठल्या वाऱ्याने कसं हलतं ते मला झोपेतही कळतं. वारा मागून आत येत होता. मागे काय आहे? मागे धुराची नळी आहे.

तेव्हा तुझं कार्ड आठवलं. अक्षरन् अक्षर.

मी यांना हाक मारायला गेले. आवाज फुटला नाही, जीभ जड झाली होती. आप्पांना हलवलं, ते हलले नाहीत, कणीक हलावी तसे हलले. गळ्यात दोरे कापायची छोटी कातरी होती, ती कायम असते. आप्पांना तसंच सोडून मी गुडघ्यांवर रांगत समोरच्या काचेपर्यंत गेले. किती वेळ लागला सांगता येत नाही. आणि माझाच पडदा माझ्याच हाताने कापायला घेतला. फाटेना रे. दुहेरी शिवण. एक टाका वाकडा नाही. मी माझ्या कामाला शिव्या देत एकेक टाका तोडत होते. मग एकदम चर्रकन फाटला आणि समोरून गार वारा आत आला.

यांनी वळून पाहिलं, मला जमिनीवर पाहिलं, आप्पांना मान टाकलेलं पाहिलं, आणि घाबरून इंजिन एकदम बंद केलं. मागे येणारी आमचीच लाट थांबली नाही. ती सगळी कोपऱ्यावरून आत आली. सरळ आप्पांच्या अंगावर. बोटीत गुडघाभर पाणी, मागची बाजू खाली चाललेली, हे हात वर करून उभे, बबडी लांब पाण्यात ओरडतेय. मला वाटलं, झालं, सगळे एकाच दिवशी.

आणि त्या पाण्यातून आप्पांचा आवाज आला. दबका, तुटका, पण आप्पांचा. "अरे शहाण्या, भरलेली बोट अशी थांबवतात? चालू ठेव. हळू. नाक वळव."

यांनी ऐकलं. इंजिन चालू केलं, हळू पुढे घेतलं, पाणी मागून येणं थांबलं. मी आप्पांच्या बखोटीला धरून त्यांना उघड्यावर ओढत आणलं. मागे फिरून बबडीला उचललं. तिने आप्पांना बघितलं आणि ती बादलीने पाणी उपसायला लागली. धक्क्याला लागेपर्यंत ते पुन्हा निपचित पडले होते.

दवाखान्यात आमचं दोघांचं रक्त तपासलं. इंजिनच्या धुरात एक विषारी वायू असतो म्हणे, त्याला रंग नाही, वास नाही, आपण पाण्यातून सोडतो तेव्हा धूर विझतो पण तो तसाच वर येतो. मागची बाजू वजनाने खाली गेलेली, बोट हळू चाललेली, समोर आणि बाजूला पडदा, मागे उघडं. तो सगळा आत ओढला जायचा आणि कोपऱ्यात साचायचा. मेंदूचं वय वगैरे काही नव्हतं. महिनोन् महिने आप्पा रोज थोडे थोडे त्यात बसत होते. आणि पंप बिघडला तो आठवडा ते बरे होते, कारण बोट बंद होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तुला इतक्या लांबून कळलं.

मी माझ्या बापाला ऊब म्हणून विष पांघरलं, खटपट्या. आणि तू ओरडून सांगत होतास तर मी फोन वाजू दिला.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी गेले तर तुझं तातडीचं पत्र दाराखाली. "पडदा काढ. आप्पांना तिथून आत्ता उठव. ताई, फोन उचल." मी दारातच बसले.

रात्री फोन केला तेव्हा आपण दोघंही नुसते नाक ओढत बसलो, त्यातून कुणालाच काही कळलं नाही, म्हणून हे पत्र. मशीनच्या खणात पडलेली तीन पत्रंही यातच घालते आहे. माझा राग वाचायचा असेल तर वाच. तो आता माझ्यावरच उलटलाय.

आप्पांच्या तोंडावर ऑक्सिजन आहे. डोळे उघडतात, बघतात, बोलत नाहीत. मी विचारलं, आप्पांची आठवण परत येईल का? डॉक्टर म्हणाले, येईल, थोडी येईल, किंवा येणारही नाही, वाट बघा. वृद्धाश्रमाची खोली मी सोडलेली नाही. सोडायची हिंमत नाही झाली.

ताई

९ जानेवारी

खटपट्या,

फोनवर तू रोज विचारतोस आणि मी रोज "बरे आहेत" म्हणते. तू म्हणतोस, ताई, तू आधीही असंच लिहिलं होतंस. म्हणून आज सगळं लिहून काढते.

घरी आल्यावर पहिले काही दिवस आप्पा भिंतीकडे बघत बसायचे. पण जेवताना तुला हाक मारायचे, जेवण गार होतंय म्हणून. मला तेवढाच आधार होता. मग डोकं दुखायचं थांबलं. खायला लागले. बबडीला नावाने हाक मारली, मला माझ्या. बोट धक्क्यावरून शेडमध्ये आणायला लावली आणि खुर्ची टाकून समोर बसले. धुराच्या नळीचं तोंड आणखी खाली, खोल पाण्यात सोडायला लावलं. तो वायू ओळखणारी डबी छताला बसवली, ती वाजली की सगळे बाहेर. मागच्या कोपऱ्यात आता कोणी माणूस बसायचं नाही, तिथे तुझी पिशवी पाण्याने भरून ठेवायची, हे त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "ती माझ्यापेक्षा कमी बडबडते." मी पडद्याच्या चिंध्या केल्या आणि त्यांनीच बोट पुसते.

पण एक गोष्ट मी तुला फोनवर सांगितली नव्हती. ते जसे सुधारत गेले तशी जेवताना तुझी हाक बंद झाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, मग कधीच नाही. दाराकडे बघणंही बंद. बाकी सगळं परत आलं आणि नेमका तू गळून पडलास, असं तर नाही? विचारायची छाती होईना. विचारलं आणि म्हणाले "कोण खटपट्या?" तर मी काय करणार होते? तुला काय सांगणार होते?

काल दुपारी मी शेडमध्ये गादी शिवत होते. आप्पा काठी टेकत उठले आणि बोटीच्या मागे गेले. फळीपाशी उभे राहिले. कापलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. मी मशीन थांबवलं.

म्हणाले, "हे कोणी केलं?"

आता सांगायचं काय, की तुम्हाला एक मुलगा आहे?

ते वळले. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले, तसे बारीक की लहानपणी आपण दोघं पलंगाखाली जायचो. "तोंडात मूग गिळून बसू नकोस. कोणी केलं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या गाढवाने. मी लग्नाला गेलो होतो तेव्हा. न विचारता. करवत पण माझीच घेतली."

आणि सुरू झाले. कापताना कड सरळ ठेवली नाही. राळ नीट भरली नाही, पाणी मुरून सगळी मागची बाजू कुजेल. दोन वर्षांत एक पत्र नाही. आला नाही, विचारलं नाही, वर तिकडे बसून लोकांना प्रश्न पाठवतो. चहा येईपर्यंत बोलत होते आणि चहा पिऊन पुन्हा बोलले. शेवटी म्हणाले, "त्याला लिही. म्हणावं, उंटावरून शेळ्या हाकायच्या बंद कर. केलंयस ते निस्तरायला ये."

मी शेडच्या मागे जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्या घरात पीळ गेला होता रे. तो परत आलाय.

आज सकाळी वृद्धाश्रमात फोन करून खोली सोडली. बनियनवरच्या लाल बोटी उसवायला बसले होते, आप्पांनी उसवू दिल्या नाहीत.

तर आप्पा बरे आहेत. खरंच बरे आहेत. तुझ्यावर भयंकर रागावलेत, अगदी पहिल्यासारखे, कारणासकट. दारात पाय ठेवलास की तुला ऐकून घ्यावं लागणार, मी मध्ये पडणार नाही, आणि तूही उलट बोलायचं नाहीस. राळेचा डबा येताना घेऊन ये.

मी तुला लिहिलं होतं, विसरलेत तोवर ये. आता त्यांना सगळं आठवतंय. आता ये.

ताई